नदीवरून पाणी उचलायचंय? आधी मे महिन्याचा हिशोब घाला, मग मोटार बघा

नदीकाठाला रान घेतलं किंवा वाटणीत आलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो तो एचपीचा. साडेसात टाकू का दहा टाकू. माझं म्हणणं, मोटार सगळ्यात शेवटी येते. आधी दोन आकडे पाहिजेत: मे महिन्यात तुमच्या एका एकराला रोज किती लिटर लागतंय, आणि त्याच मे महिन्यात नदीतून तुमच्या रानाच्या तोंडापर्यंत खरोखर किती लिटर पोचतंय. हे दोन आकडे जुळले की ऊस किती एकर लावायचा ते आपोआप ठरतंय. नाही जुळवले तर जानेवारीत हिरवागार दिसणारा ऊस एप्रिलपासून ताणावर जातोय आणि तोडीच्या वेळी टनेज बघून हळहळायची वेळ येते.

मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात कृष्णाकाठाला लिफ्ट, म्हणजे नदीचं पाणी मोटारीनं उचलून रानात आणायची सोय, बसवताना ही सगळी प्रोसेस केलीय, परवानगीपासून वॉल्व्हपर्यंत. नवीन माणसाला कुठं अडतंय ते माहीत आहे म्हणून क्रमानं लिहितोय. खालची गणितं ढोबळ आहेत, पण ढोबळ गणित घातलेला माणूस अजिबात न घातलेल्यापेक्षा लई पुढं असतोय.

हाताशी लागणारं सामान: मोजपट्टी, दोनशे लिटरचं बॅरल किंवा रानातला हौद, मोबाइलचं स्टॉपवॉच, एक जाड वही, आणि पुढं स्टार्टरला बसवायला एक अवर मीटर (मोटार किती तास चालली ते मोजणारा). कागदपत्रांची यादी सातव्या पायरीत दिलीय.

१. आपलं पाणी नक्की कुठलं ते आधी समजून घ्या

आपल्या भागात "नदीचं पाणी" म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हीची रीत वेगळी.

पहिली, तुमची स्वतःची किंवा चार भावकीत मिळून केलेली लिफ्ट, थेट कृष्णा, वारणा, कोयना किंवा येरळेवरून. दुसरी, सहकारी पाणीपुरवठा संस्था, म्हणजे मोटार संस्थेची, पाळी संस्थेची आणि तुम्ही सभासद. तिसरी, सरकारी योजना, म्हणजे टेंभू, ताकारी, म्हैसाळ यांचे कालवे नाहीतर खोडशीवरून निघणारा कृष्णा कालवा, आरफळ वगैरे. तिसऱ्या प्रकारात मोटारीचा प्रश्न कमी आणि आवर्तनाचा, म्हणजे ठराविक दिवसांनी पाणी सोडण्याचा, जास्त. संस्थेच्या पाण्यात पाळी किती दिवसांनी येते आणि पाळीत किती तास मिळतात एवढंच तुमच्या हातात, बाकी काही नाही, म्हणून सभासद व्हायच्या आधी मागच्या उन्हाळ्याचं पाळीपत्रक मागून बघा.

हा लेख मुख्यतः पहिल्या प्रकाराचा आहे, पण दुसरी, तिसरी आणि सहावी पायरी सगळ्यांनाच लागू आहे.

२. रान किती दिवस पाणी धरून ठेवतंय ते बघा

ही पायरी लोक सोडून देतात. नदीत पाणी रोज सारखं नसतंय, त्यामुळं मधल्या खाड्याच्या (पाणी नसलेल्या) दिवसांत पीक जमिनीतल्या ओलीवरच जगतंय. ती ओल किती टिकते हे रानावर आहे.

खोल काळं रान असेल आणि मुळी दोन-तीन फूट खाली गेली असेल तर पिकाला सहज घेता येईल अशी ओल साधारण ६० ते ८० मिलिमीटर धरा. मे महिन्यातल्या भरलेल्या उसाला ती आठ-दहा दिवस पुरते. मुरमाड किंवा माळाचं रान असेल तर तीन-चार दिवसांत वरची पानं गुंडाळायला लागतात. नदीकाठची मळी (गाळाचं रान) वरून एकसारखी दिसते पण खाली वाळूचा थर निघाला की पाणी सरळ खाली जातंय. तीन-चार ठिकाणी तीन फुटांचे खड्डे काढा आणि थर बघा. जेसीबी शेजारी आलाच असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे.

रानात तुकडे वेगवेगळे निघाले तर वहीत तसेच वेगवेगळे लिहा. एकाच पाळीत काळं आणि मुरमाड दोन्ही बसवायला गेलं की एकाला जास्त होतंय आणि एकाला कमी पडतंय.

३. एका एकराला रोज किती लिटर लागतंय

एक आकडा पाठ करा. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४,००० लिटर.

आता ऊस धरू, कारण आपल्याकडं शेवटी सगळं उसावर येऊन थांबतंय. भरलेला ऊस मे महिन्यात रोज ७ ते ८ मिलिमीटर पाणी पितोय. म्हणजे एकरी रोज ३०,००० लिटरच्या आसपास. तोच ऊस डिसेंबर-जानेवारीत ४ मिलिमीटरवर असतोय, म्हणजे १६,००० लिटर. फरक बघा, जवळजवळ दुप्पट. हिवाळ्यात दारं धरून (सरीसरीला पाणी वळवून) आठ एकर भिजतंय म्हणून खूश होऊ नका, तीच मोटार मे महिन्यात चारच एकराची असणार आहे.

हे झालं पिकाच्या पोटात जाणारं पाणी. पाटानं, सरीनं पाणी दिलं तर सगळं मुळाला जात नाही, पाटात मुरतंय, सरीच्या शेंड्याला साठतंय, मुळीच्या खाली जातंय. नीट बांधलेल्या रानात शंभरातलं साठ पिकाला लागलं असं धरा. म्हणून मे महिन्यात पाटपाण्याला एकरी रोज ५०,००० लिटर लागणार. ठिबकवर शंभरातलं नव्वद लागतंय, म्हणजे ३३,००० लिटर. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

अजून एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. सगळा ऊस मे महिन्यात सारखा पीत नाही. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण मे महिन्यात पूर्ण छत्री करून उभी असते, तिची तहान सगळ्यात जास्त. जानेवारी-फेब्रुवारीची सुरू लागण तेव्हा अजून वाढीला लागलेली असते, तिला कमी पुरतंय. खोडव्याचं (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेल्या उसाचं) आधीचा ऊस कधी तुटला त्यावर आहे. टनेजच्या मागं लागून सगळं रान एकदम आडसालीत घालणं म्हणजे सगळी तहान एकाच महिन्यात गोळा करणं. पाणी बेताचं असेल तर थोडी आडसाली, थोडी सुरू, थोडा खोडवा अशी विभागणी करा. टनेज थोडं इकडंतिकडं होईल पण काही वाळणार नाही.

४. नदीत पाणी कधी असतंय, खरं

पाऊस संपला की कृष्णेला आपलं स्वतःचं पाणी फार राहत नाही. उन्हाळ्यात जे वाहतंय ते धरणांतून सोडलेलं. वर धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, आणि कराडला प्रीतिसंगमावर येऊन मिळणारी कोयना. आपल्या खालच्या भागाची खरी मदार कोयनेवर. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), पण त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वर्षाला पश्चिमेकडं वीजनिर्मितीला जायचं असतंय. राहिलेल्यात पूर्वेकडची सगळी शेती, पिण्याचं पाणी आणि उपसा योजना.

पेपरात येतंय ना, "पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक विसर्ग", ते आपलं पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. म्हणजे २,१०० क्युसेक चोवीस तास चाललं तर दिवसाला ०.१८ टीएमसी होतंय, एक टीएमसी पाणी साडेपाच दिवसांत संपतंय. आणि सेकंदाला १२ लिटर ओढणाऱ्या साध्या मोटारी धरल्या तर अशा पाच हजार मोटारी एकदम चालू झाल्या की हे २,१०० क्युसेक पूर्ण संपलं. कराडपासून म्हैसाळपर्यंतच्या काठावर किती मोटारी आहेत ते डोळ्यापुढं आणा, वर टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या योजनांचे मोठे पंप वेगळेच. त्यामुळं नदीत पाणी दिसतंय म्हणजे ते आपलंच असं अजिबात समजू नका.

मधी बंधारे आहेत, बहे, नागठाणे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ. पावसाळा संपला की बरगे (बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, पावसाळ्याच्या तोंडाला काढतात. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला फुगवटा (अडून साठलेलं पाणी) असतोय तिथं जॅकवेलला (मोटारीसाठी नदीकाठाला बांधलेल्या विहिरीला) पाणी जास्त दिवस टिकतंय. बंधाऱ्याच्या लगेच खाली असाल तर विसर्ग कमी झाल्यावर सगळ्यात आधी तुमचाच फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातल्या टोकाचा वॉल्व्ह) उघडा पडणार. जागा निवडायला वाव असेल तर पाइपलाइन थोडी लांब पडली तरी चालेल, पण फुगवट्यात जागा बघा.

आता काम काय करायचं? त्याच पट्ट्यातल्या जुन्या दोन-तीन पाणकऱ्यांना भेटा. नुसतं "पाणी असतंय का" विचारलं तर "असतंय की" म्हणतील. म्हणून प्रश्न असा विचारा: मागच्या एप्रिल-मे महिन्यात मोटार किती दिवस बंद राहिली, आणि सलग जास्तीत जास्त किती दिवस? सलगचा आकडा फार महत्त्वाचा. एकेक दिवसाचे नऊ खाडे रान सोसतंय, सलग नऊ दिवसांचा खाडा मुरमाड रान सोसत नाही. आणि एक चांगलं वर्ष, एक वाईट वर्ष असं दोन्ही विचारा. २०२३ च्या पावसाळ्यात कोयना पूर्ण भरलं नव्हतं, त्याच्या पुढचा उन्हाळा कसा गेला ते विचारलं की वाईट वर्षाचा अंदाज येतोय. टंचाईच्या वर्षी उपसाबंदीचा आदेश निघतोय, ठराविक दिवस मोटारी बंद ठेवाव्या लागतात, त्यात वाद घालून उपयोग नाही कारण पिण्याचं पाणी आधी.

५. मोटार आणि पाइप, कागदावर

मोटार किती पाणी देईल याचा साधा हिशोब: एचपी गुणिले ७५, त्याच्या निम्मं करा, आणि एकूण हेडनं भागा. हेड मीटरमध्ये, उत्तर सेकंदाला लिटरमध्ये येतंय. निम्मं एवढ्यासाठी की मोटार-पंप मिळून साधारण अर्धी ताकदच पाणी उचलण्यात लागते.

हेड म्हणजे नुसती उंची नव्हे. उन्हाळ्यातल्या खालच्या पाणीपातळीपासून रानाच्या तोंडापर्यंतची उभी उंची, आणि त्यात पाइपमधल्या घर्षणाची भर. उंची हिवाळ्यात मोजू नका. कृष्णेचा काठ खोल आहे, मे महिन्यात पातळी बरीच खाली जाते.

समजा उभी उंची २२ मीटर आणि पाइपलाइन एक किलोमीटर. सेकंदाला १२ लिटर पाणी न्यायचं तर ११० एमएमच्या पीव्हीसी पाइपात एका किलोमीटरला जवळजवळ २० मीटर हेड नुसतं घर्षणात जातंय. तेच १४० एमएममध्ये ६ मीटरच्या आसपास. म्हणजे १० एचपीची तीच मोटार १४० च्या लाइनवर सेकंदाला १२ लिटर देईल, आणि ११० च्या लाइनवर १० वर येईल. आयुष्यभर रोज प्रत्येक तासाला सात हजार लिटर कमी! दुकानदार "११० पुरतंय की" म्हणेल, पाइप स्वस्त पडतोय म्हणून आपण पण मान डोलावतो. लांब लाइनला मोठा पाइप घ्या, पैसे तिथंच घाला, मोटारीचा एचपी वाढवून ही भरपाई होत नाही.

बाकी थोडक्यात. वर ठेवलेल्या मोनोब्लॉकला (मोटार-पंप एकत्र असलेल्या) सक्शन, म्हणजे खालून पाणी ओढायची उंची, ६ मीटरच्या वर द्यायच्या फंदात पडू नका, पातळी खाली गेली की हवा धरती, नाहीतर सरळ सबमर्सिबल घ्या. चढाच्या जागी एअर व्हॉल्व्ह आणि खाली एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा वॉल्व्ह) पाहिजेच, नाहीतर लाइट गेली की पाण्याचा दणका बसून सांधे उखडतात. मोटार नदीवर आणि तुम्ही गावात, म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारा) आणि ड्राय रन प्रोटेक्शन (पाणी नसलं की बंद करणारं) दोन्ही बसवा. आणि साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला सध्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना लागू आहे, त्याच्या वर गेलात की बिल येणार. गरज साडेसातमध्ये बसत असेल तर उगाच दहावर जाऊ नका.

६. जुळवणी

सगळ्यात वेळ इथं घालवा.

वरचंच उदाहरण घेऊ. रान आठ एकर. मोटार सेकंदाला १२ लिटर, म्हणजे तासाला ४३,२०० लिटर. थ्री फेज लाइट आठ तास येते म्हणतात, पण ट्रिपिंग, कमी व्होल्टेज, फ्यूज, रात्रपाळीत दारं बदलायला लागणारा वेळ हे सगळं वजा करून हिशोबाला सहाच तास धरा. दिवसाला २ लाख ५९ हजार लिटर झाले. मे महिन्यात नदीला पाणी असणारे दिवस समजा २१. महिन्याला झाले ५४ लाख लिटर.

आता गरज. पाटपाण्यावर एकरी रोज ५०,००० लिटर म्हणजे महिन्याला साडेपंधरा लाख. ५४ भागिले साडेपंधरा, साडेतीन एकर. ठिबकवर एकरी महिन्याला १० लाख २० हजार, म्हणजे सव्वापाच एकर.

आठ एकरात साडेतीन! हे उत्तर बघून बऱ्याच जणांना पटत नाही, म्हणतात आमच्या शेजारी तेवढ्याच मोटारीवर आठ एकर ऊस आहे. असेल. पण नीट बघा, एक तर त्याच्याकडं जोडीला विहीर किंवा बोअर असते, नाहीतर त्याच्या सगळ्या रानाला मे महिन्यात निम्मंच पाणी मिळतंय आणि ऊस कांड्या आखडून उभा राहतोय. जून लागला की परत हिरवा होतोय म्हणून लक्षात येत नाही, पण दोन महिने न वाढलेली कांडी परत मिळत नाही.

मग राहिलेल्या साडेचार एकराचं काय? ते पडीक ठेवायचं नाही. तिथं मे महिन्यात पाणी न मागणारं पीक घ्या. खरिपाला सोयाबीन किंवा भुईमूग, मागनं हरभरा, शाळू नाहीतर गहू. हरभऱ्याला दोन-तीन पाण्यात काम होतंय, गव्हाला पाच-सहा लागतात पण मार्चपर्यंत सगळं रिकामं. हिवाळ्यात मोटारीला जादा पाणी असतंयच, ते इथं वापरायचं. आणि दरवर्षी ऊस आणि ही पिकं रानात अदलाबदल करायची, जमिनीला पण बरं.

खाड्याचं पण याच पायरीत बघा. सलग खाडा नऊ दिवसांचा आणि रान काळं खोल, तर कागदावर चालतंय. पण नदीतलं पाणी जायच्या शेवटच्या दिवशी सगळं रान काही एकदम भिजलेलं नसतंय. पाळी आठ दिवसांची असेल तर पहिला तुकडा आठ दिवसांपूर्वीच भिजलाय, त्याला नऊ दिवसांचा खाडा म्हणजे सतरा दिवस कोरडे. म्हणून आवर्तन बंद होणार अशी बातमी कानावर आली की पाळीचा ठरलेला क्रम मोडा आणि सगळ्यात हलकं रान शेवटी भिजवा. पाणी परत आलं की पण त्याच हलक्या रानापासून सुरू करा.

७. परवानगी आणि कागदपत्रं

मोटार विकत घ्यायच्या आधी ही पायरी. नदी, कालवा, तलाव, कुठूनही शेतीला पाणी उचलायला जलसंपदा खात्याची परवानगी लागते. अर्ज तुमच्या भागाच्या पाटबंधारे उपविभागात. परवानगीशिवाय मोटार टाकली तर पंचनामा, दंड आणि टंचाईत सगळ्यात आधी कनेक्शन तुटतंय ते तुमचं. शेतीपंपाचं वीज कनेक्शन मागताना पण महावितरणला ही परवानगी दाखवावी लागते.

साधारण लागणारी कागदं:

- सातबारा आणि आठ अ, ताजे उतारे, जेवढ्या गटांना पाणी नेणार तेवढ्या सगळ्यांचे
- गट नकाशा, त्यावर जॅकवेलची जागा आणि पाइपलाइनचा मार्ग आखून
- आधार कार्ड, फोटो, पासबुकाची झेरॉक्स
- जॅकवेलची जागा दुसऱ्याची असेल तर त्याचं संमतीपत्र
- पाइपलाइन ज्यांच्या रानातून जाते त्या सगळ्यांची संमतीपत्रं
- पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला
- मोटारीचा एचपी, पाइपचा व्यास, भिजणारं क्षेत्र आणि पिकं लिहिलेला तपशील

ऑफिसात गेल्यावर त्यांची स्वतःची यादी पण मागून घ्या आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे पाइपलाइनचा रस्ता. तोंडी "घाल की रे, आपलंच रान आहे" असं म्हणणारे भाऊ-काका असतात आणि त्यांचा शब्द खराच असतोय, पण उद्या वाटणी झाली, रान विकलं, की नवीन मालक लाइन उकरून काढा म्हणतोय. लेखी घ्या, बांधाच्या कडेनं न्या, तीन फूट खाली गाडा. कुणी अडवलंच तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४९ खाली दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी न्यायला तहसीलदारांकडं अर्ज करता येतोय. वेळ लागतोय, पण मार्ग आहे. रस्ता ओलांडायचा असेल तर तो रस्ता ज्याचा असेल त्यांची, म्हणजे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा बांधकाम खातं, वेगळी परवानगी.

कालव्याच्या पाण्याला दर हंगामात नमुना नंबर ७ वर पाणी मागणी अर्ज द्यायचा असतोय. रब्बी हंगाम १५ ऑक्टोबर ते २८ फेब्रुवारी, उन्हाळी १ मार्च ते ३० जून. अर्जाची शेवटची तारीख पेपरात आणि गावच्या चावडीवर येते, ती चुकवू नका. अर्जात जेवढं क्षेत्र आणि जे पीक लिहिलं तेवढंच भिजवा. तुमच्या भागात पाणी वापर संस्था असेल तर अर्ज संस्थेमार्फत जातोय.

८. बसवल्यावर पाणी मोजा, अंदाज धरू नका

मोटार चालू झाली, पाणी जोरात पडतंय, नारळ फोडला, पेढे वाटले. त्याच दिवशी पाणी मोजा. नदीवर नाही, रानाच्या तोंडाला.

हौद असेल तर सोपं आहे. दहा बाय दहा फुटांच्या हौदात पाणी एक फूट चढलं की २,८३२ लिटर झाले. ते चार मिनिटांत चढलं तर सेकंदाला ११.८ लिटर. हौद नसेल तर दोनशे लिटरचं बॅरल लावा, १७ सेकंदांत भरलं की तेवढंच पाणी. पण बॅरल फार लवकर भरतंय म्हणून तीन-चारदा मोजून सरासरी घ्या.

हा आकडा वहीत तारखेसकट लिहा आणि परत मार्चमध्ये, मेमध्ये मोजा. पातळी खाली गेली म्हणून थोडा कमी येणारच. पण एकदम तीन-चार लिटरचा फरक आला तर कुठंतरी लाइन गळतेय, फूटव्हॉल्व्हला गाळ बसलाय किंवा इंपेलर (पंपातला पाणी फेकणारा पंखा) झिजलाय. स्टार्टरला अवर मीटर लावला की मोटार महिन्यात नक्की किती तास चालली ते कळतंय. लोक आठ तास समजून हिशोब करतात आणि मीटर पाच दाखवतोय, असं लई ठिकाणी बघितलंय.

९. खाडा भरून काढायचा तर शेततळं, पण त्याचं पण गणित

वर तीस बाय तीस मीटर, खोली तीन मीटर, बाजूचा उतार एकास दीड, असं शेततळं खोदलं तर त्यात १९ लाख ७० हजार लिटरच्या आसपास पाणी मावतंय. पाच एकर ठिबकच्या उसाला मे महिन्यात हे साधारण बारा दिवस जातंय. म्हणजे नऊ दिवसांचा खाडा बसतोय, उन्हानं उडणारं पाणी धरून सुद्धा, कारण एवढ्या तळ्यातून उन्हाळ्यात रोज सहा-सात हजार लिटर नुसतं हवेत जातंय. प्लास्टिकचा कागद अंथरलाच पाहिजे, नाहीतर काठच्या रानात ते मुरून जाईल.

लक्षात ठेवायची गोष्ट ही, की हे तळं हिवाळ्यातल्या जादा पाण्यावर फेब्रुवारीअखेर भरून ठेवायचं. एप्रिल-मेमध्ये रिकामं झालं तर परत भरायला मोटारीकडं पाणी शिल्लकच नसतंय. त्यामुळं तळं उन्हाळ्यात एकदाच उपयोगी पडतंय असं धरून चाला आणि ते सगळ्यात लांबच्या खाड्याला राखून ठेवा. तळं केलं म्हणून ऊस दोन एकर वाढवला की परत मूळ जागेवर.

पैशाचं म्हणाल तर आधी ठिबक, मग तळं. ठिबकला प्रति थेंब अधिक पीक योजनेतून अल्पभूधारकाला ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५ टक्के अनुदान आहे, वर राज्याच्या योजनेची पूरक भर पडते, अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. पूर्वसंमती यायच्या आधी सामान खरेदी करू नका, बिल जुन्या तारखेचं निघालं की अर्ज बाद.

आणि जिथं पाणी भरपूर आहे त्यांच्यासाठी, कळकळीनं. वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात चांगली काळी रानं क्षारपड (क्षार साठून नापीक) झालीत ती जास्त पाण्यानं. नदी भरलीय, लाइट मोफत आहे म्हणून मोटार चालू ठेवून घरी जाणं बंद करा. सरीत पांढरी बुरशीसारखी खपली दिसायला लागली, उगवण ठिपक्याठिपक्यानं व्हायला लागली, वाफसा लवकर येत नाही, ही लक्षणं दिसली की लगेच मातीचा सामू (पीएच) आणि क्षारता तपासा. कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथं विचारा. एकदा रान चोपण (क्षारानं घट्ट, निचरा न होणारं) झालं की निचऱ्याचे पाइप घालायला एकरी जो खर्च येतोय त्यात ठिबक दोनदा बसेल.

१०. हंगामात रोजचं काम

वहीत पाच रकाने करा: तारीख, मोटारीचे तास, कुठला तुकडा भिजला, नदीची पातळी जॅकवेलच्या खुणेवर किती, शेरा. जॅकवेलच्या भिंतीवर आतून फुटाफुटाच्या खुणा ऑइल पेंटनं मारून घ्या. पातळी रोज किती उतरतेय ते बघितलं की पाणी किती दिवस टिकेल याचा अंदाज तुम्हाला बातमी यायच्या आधी लागतोय. धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली म्हणजे पाणी त्याच दिवशी आपल्या जॅकवेलला येत नाही, वरचे बंधारे भरत भरत खाली येतंय. बातमीची तारीख आणि पाणी आल्याची तारीख दोन्ही लिहून ठेवा, दोन-तीन आवर्तनांत तुमच्या ठिकाणाचा फरक पक्का कळतोय.

कालवा सल्लागार समितीची बैठक कधी आहे, किती आवर्तनं ठरली, हे पाऊस संपल्यावर विचारून घ्या, आणि आडसालीचं क्षेत्र नव्हे तर निदान सुरू लागणीचं क्षेत्र त्याप्रमाणं कमी-जास्त करा. आडसाली तोवर लागलेली असते, म्हणून ती नेहमी वाईट वर्षाच्या आकड्यावरच ठरवायची, चांगल्या वर्षाच्या नाही.

मे संपत आला की मोटार वर काढायची तयारी. नदीकाठाला २००५, २०१९, २०२१ चे पूर सगळ्यांनी बघितलेत. स्टार्टर आणि पॅनेल बोर्ड पुराच्या खुणेच्या वर बसवा किंवा सहज सुटेल असं ठेवा. बरगे काढल्यावर कोयना-वारणेच्या विसर्गावर लक्ष ठेवायचं आणि सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी बघत राहायचं. तिथं ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, पण आपली मोटार त्याच्या कितीतरी आधी पाण्यात जाते, म्हणून ४० ची वाट बघत बसू नका. काढलेली मोटार तशीच कोपऱ्यात टाकू नका, बेअरिंग आणि वाइंडिंग जूनमध्येच तपासून घ्या. ऑक्टोबरात सगळ्यांच्याच मोटारी रिवायंडिंगला येतात आणि गॅरेजला पंधरा-पंधरा दिवस नंबर लागत नाही.